मधल्या खोलीतली मशीन

३ एप्रिल, गुरुवार

आज सकाळी मैदानावर ठरलं. एक मेला महिलांची रस्सीखेच आहे, त्यात आपण उतरायचं. आपण म्हणजे पहाटे फिरायला जाणाऱ्या आम्ही आठजणी. त्यातल्या पाचजणी फिरतात कमी आणि बोलतात जास्त, पण वजनाला आठहीजणी चांगल्या आहेत आणि या खेळाला तेच लागतं. संघाचं नाव मी सुचवलं, 'ओढूनताणून'. भिकाबाई इतकी हसली की तिला कट्ट्यावर बसवावं लागलं.

मग शितल म्हणाली, सगळ्यांना सारखे टी-शर्ट हवेत, पाठीवर नावं हवीत. मी लगेच म्हणाले, मी करते. माझं हे असंच आहे, तोंड पुढे आणि डोकं मागे. आफिफाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. 'मी करते' म्हणजे 'आपण दोघी करू', हे तिला पाचवीपासून माहीत आहे. कन्याशाळेत ती माझ्या बाकावर होती. दहावीनंतर तिचं लग्न झालं, मी बी.ए. झाले, तरी अक्कल अजून तिच्याकडेच जास्त आहे.

५ एप्रिल, शनिवार

पांढरे टी-शर्ट आणले, ट्रान्सफर पेपर आणला. अबूबकरच्या कॉम्प्युटर-झेरॉक्सच्या दुकानात नावं उलटी छापून घेतली, म्हणजे इस्त्रीने दाबल्यावर सुलटी उमटतात. कोरडी इस्त्री, खाली लाकडी पाट, अंगातला सगळा जोर, आणि कागद गार झाल्यावर हलक्या हाताने सोलायचा. सोलायचं काम आफिफाकडे. माझ्याकडून कोपरे फाटतात.

भिकाबाई शेवटच्या जागेवर दोर कमरेला बांधून उभी राहणार, म्हणून तिच्या पाठीवर 'भिंत'. शितलचं 'वादळ'. आफिफाला विचारलं तर म्हणाली, "आफिफाच लिही. पण मोठ्या अक्षरात. माझं नाव रेशन कार्डाशिवाय कुठंच लिहिलेलं न्हाई."

८ एप्रिल, मंगळवार

फजिती. 'भिंत' रविवारी पहिल्याच धुण्यात कोसळली, नुसती वेलांटी उरली. अबूबकर म्हणाला, "ताई, घरच्या इस्त्रीची गरमी सगळीकडं बराबर लागत न्हाई. हीट प्रेस पाहिजे." खेमाने त्याचं छपाईचं दुकान बंद केलंय, त्याची जुनी प्रेस धूळ खात पडली आहे. आठ टी-शर्टांसाठी मशीन घेणं म्हणजे वेडेपणाच. पण आफिफा हळूच म्हणाली, "आठच काहून? शाळा हाये, मंडळं हायेत, लग्नाच्या हळदीलाबी आता सारखे टी-शर्ट घालून राहिले लोक. दोघींचं दुकान होईल, नीलू."

पैसे अर्धे तिचे, अर्धे माझे. मशीन मी पसंत केली. तिने नुसती मान डोलावली.

नासेरभाई, म्हणजे तिचा नवरा, मोंढ्यात हळदीचा व्यापार करतात. बायकोने बाहेर काम करावं की नाही, यावर ते दोन दिवस गप्प होते. आज त्यांचा फोन आला. "तुमच्या घरी हाये तर मला फिकीर न्हाई, ताई." मला फार अभिमान वाटला.

१० एप्रिल, गुरुवार

मशीन आली. खालचा तवा लोखंडी, वरचा दाबायचा, बाजूला लांब दांडा. रिक्षातून उतरवताना यांची कंबर लचकली. हे, म्हणजे सूर्यकांत, पुसेगावच्या शाळेत शिक्षक आहेत आणि घरात विद्यार्थी.

ठेवायची कुठे, यावरून गोंधळ झाला. मोठ्या पिनेचा प्लग फक्त मधल्या खोलीत आहे, कूलरसाठी बसवलेला. आणि मधल्या खोलीत देव आहेत. सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठिव. पण त्या खोलीत चपला न्हाई चालायच्या, आधीच सांगते." त्यात अवघड काय आहे? आम्ही कुणीच तिथे चपला घालत नाही.

आफिफा संध्याकाळी मशीन बघायला आली. तिने न सांगता चपला बाहेरच्या पायरीवर काढल्या, अगदी भिंतीला लावून. सासूबाई मागून मला म्हणाल्या, "पोरीला वळण हाये."

११ एप्रिल, शुक्रवार

दांडा धरला की हाताला मुंग्या येतात. आधी वाटलं, जोर लावून येत असतील. मग दुपारी परसातून तशीच रबरी चपला घालून आत आले आणि दांडा धरला, तर मुंग्या गायब. चपला काढल्या, परत मुंग्या. घाला, काढा, घाला, काढा, लहान पोरासारखं चार वेळा करून बघितलं. पाचव्या वेळी सासूबाईंनी बघितलं आणि जे काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

टी-शर्ट मात्र सुरेख. 'भिंत' आता धुतली तरी ढळत नाही.

१३ एप्रिल, रविवार

घरी मी एकटीच होते तेव्हा वायरमन जळबाला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, दिवा पेटला. त्याने तोंड वाकडं केलं. मग मोरीमागचा अर्थिंगचा खड्डा बघायला गेला. आमच्या घराला असा खड्डा आहे हे मला चौदा वर्षांनी कळलं. त्यात पाला आणि एक तुटका मग होता.

"वहिनी, हे समदं कोरडं ठाक पडलं. माती वली असली तर करंट तिकडून जमिनीत जातो. कोरडी असली तर जाईल कुठं? रोज दोन बादल्या पाणी अन् मूठभर मीठ टाका. अन् मशीनची वायरबी आतून खराब होऊन राहिली. नवीन आणतो. तवर वापरू नका."

"तवर म्हणजे कधीपर्यंत?"

"चार-आठ दिवस."

एक मेला अठरा दिवस उरलेत आणि शाळेच्या तीस टी-शर्टांची ऑर्डर आफिफाने कालच घेतली आहे. मी म्हणाले, बरं. मीठ टाकलं, पाणी टाकलं. मुंग्या निम्म्यावर आल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

आफिफाला सांगावं का?

सांगितलं तर ती घाबरेल. ती नाही घाबरली तर घरी सांगेल, आणि नासेरभाई उद्यापासून पाठवणार नाहीत. त्यांनी कशावर होकार दिलाय ते मला माहीत आहे. शिवाय मशीन मीच पसंत केली होती, तीही पाच मिनिटांत, दुसरं दुकान न बघता. आणि सासूबाई बसलेल्या असताना तिला कसं म्हणू की देवासमोर चपला घालून ये? तिला ते किती लागेल! आम्ही घातल्या तर विसरभोळेपणा होतो, तिने घातल्या तर गल्लीभर होईल.

म्हणून मी एक युक्ती काढली. दाबायचं काम माझं. तिने कापायचं, कागद लावायचा, सोलायचं. दांड्याला तिचा हात लागायचंच कारण नाही. युक्ती सोपी आहे आणि मला तिचं समाधानही आहे.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या की मी पदराखालून आणलेल्या चपला घालते. आफिफाने विचारलं, तर टाचा दुखतात म्हणून सांगितलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

नळाला आठवडा झाला, पाणी नाही. सिद्धेश्वर धरणात पाणी आहे म्हणतात, आमच्या नळापर्यंत येताना ते कुठे जिरतं कोण जाणे. पिंपात चार बोटं उरलं आहे. दोन बादल्या खड्ड्यात ओतायच्या म्हणजे जिवावर येतं. आज ओतल्या नाहीत. उरलेलं कूलरमध्ये घातलं, ४२ अंशांत मशीनजवळ उभं राहवत नाही.

जळबाला फोन केला. "औंढ्याला कामावर हाय, सोमवारी येतो."

२१ एप्रिल, सोमवार

जळबा आला नाही.

पण दिवस छान गेला. शाळेचे तीस टी-शर्ट पूर्ण झाले. मुख्याध्यापकांनी आणखी दोन शाळांचं नाव काढलं. आफिफा कापता कापता गात होती. दुपारच्या नमाजाची वेळ झाली तशी मोरीवर हातपाय धुवायला गेली. सासूबाईंनीच तिला तांब्या भरून दिला आणि पुढच्या खोलीत स्वच्छ चटई टाकली. पाण्याचा थेंब मोजून वापरायच्या दिवसांत सासूबाईंनी दिलेला तो तांब्या मला मोठा वाटला. नमाज पढून ती मोरीवर तांब्या ठेवून आली, पाय तिथे ओले झालेले, आणि फरशीवर तिची पावलं उमटत मशीनपर्यंत आली.

"सरक नीलू, तू दमली. थोडा येळ मी दाबते."

मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की ती दचकली. मग मी हसून म्हणाले, "तुझ्याकडून तिरकं होईल." तिला वाईट वाटलं. तोंडावरून कळत होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज सांगणारच होते. दोघी पायरीवर चहा पीत होतो. लेकीचा विषय काढून ती म्हणाली, "मंतशा बारावीनंतर काय करंल कुणास ठाऊक. तिला कॉम्प्युटर येतो. नावं ती काढून देईल, दाबू आपण. माझ्या घरात मला कुणी विचारत नव्हतं बघ, आता नासेर रोज रात्री इच्यारतो, आज किती झाले? त्याला ऐकायला मजा येऊन राहिली."

यावर काय सांगणार? मनात म्हटलं, जळबा वायर बदलेल, मग सांगू. मग हसत हसत सांगता येईल.

२६ एप्रिल, शनिवार

मशीन लावली की फ्यूज उडत होता. यांनी दुहेरी तार पिळून घातली. आता उडत नाही. कधी कधी वाटतं, हे उगाच शाळेत आहेत, यांनी वायरमन व्हायला हवं होतं.

सकाळी सरावात पहिल्यांदा आम्ही पोलीस वसाहतीच्या बायकांना ओढलं. भिकाबाई भिंतीसारखी उभी होती. आफिफाच्या तळहाताला दोराने फोड आलेत. मी म्हटलं, पट्टी बांध. म्हणाली, राहू दे, असू दे.

मुंग्या वाढल्यात. आज चपला असूनही जाणवल्या. की मलाच तसं वाटतंय?

२८ एप्रिल, सोमवार

नऊ टी-शर्ट उरलेत. आठ मंडळाचे आणि एक माझा. आमचे सातजणींचे झाले. माझा मी मागे ठेवला, कारण नाव काय घालायचं ते ठरत नाही. आफिफा म्हणते, "मी ठरवलंय, तुला सांगणार न्हाई."

उद्या बरीच कामं आहेत. पाणी येणार असं पलीकडच्यांनी सांगितलं. परवा अक्षय तृतीया, म्हणून सासूबाई मधली खोली धुऊन काढणार. मला दुपारी संघाचं नाव नोंदवायला जायचंय, सगळ्यांची आधार कार्डं घेऊन. आफिफाला सांगितलंय की मी येईपर्यंत नुसतं कापून ठेव, आल्यावर दाबू.

"काहून? तू येईपर्यंत चार तर मीच करून टाकते."

"नको म्हटलं ना."

"बरं बाई," म्हणाली. रुसली नाही. तिला रुसता येत नाही.

जळबा उद्या नक्की येतो म्हणाला.

४ मे, रविवार

आफिफा गेली. मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास.

मला लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही आणि बोलायला घरात कुणी नाही. सगळे आहेत, पण बोलायला नाही.

नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे अकरा संघ होते. नोंदणी झाली, आणि फोन आला तेव्हा शितल आणि मी उसाचा रस पीत होतो. यांचा आवाज ओळखू येत नव्हता. घरी पोचले तेव्हा तिला रिक्षात घातलं होतं. मी रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गरम होतं. मी सारखी म्हणत होते, आफिफा, आलो, आलो. डॉक्टरांनी हात लावला आणि सरळ उभे राहिले.

सासूबाईंनी सांगितलं ते असं. पाणी आलं होतं. त्यांनी खोली धुतली, फरशी अजून ओली होती. आफिफा हातपाय धुऊन नमाज पढली आणि मग म्हणाली, "काकू, नीलूचा टी-शर्ट करून ठेवते, ती आली की दाखवते." सासूबाई देव पुसत होत्या. त्यांना वाटलं ती खाली बसून काही शोधते आहे. मग हाक मारली, उत्तर आलं नाही. हात लावायला गेल्या, तर त्यांनाही झटका बसला. बटण बंद करायला त्यांना किती वेळ लागला ते त्यांना सांगता येत नाही. "माझे हात कापून राहिले होते ग," एवढंच सारखं म्हणतात.

मशीनमध्ये माझा टी-शर्ट होता. पाठीवर तिने 'कप्तान' घातलं होतं. सरळ, मधोमध, एक अक्षर तिरकं नाही.

९ मे, शुक्रवार

पोलीस पंचनाम्याला आले होते. सोबत विजेचे एक साहेब. साहेबांनी मशीन उघडली, वायर बघितली, खड्डा बघितला. मग विचारलं, "आधी कधी शॉक जाणवला होता का?"

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्याआधी म्हणाल्या, "कधीच न्हाई, साहेब. जाणवला असता तर लेकराला हात लावू दिला असता का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही, अशी.

सासूबाईंना खरंच माहीत नव्हतं. मी चपला का घालते ते त्यांना मी कधी सांगितलंच नाही. त्या रागावायच्या, मी काढायचे. त्या खोटं बोलल्या नाहीत. घरात खोटं बोललेली मी एकटी. जळबाला कुणी विचारलं नाही, आणि तो आमच्या गल्लीतून आता जात नाही.

यांना रात्री सांगितलं, की मला मुंग्या यायच्या. यांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मीही तार घातली होती. आता बोलून ती परत येणार आहे का?" आणि कूस बदलली.

नासेरभाई दारात उभे होते, पोलीस गेल्यावर. मला म्हणाले, "ताई, तुमी स्वतःला तकलीफ करून घेऊ नका. तिची येळ आली होती. तुमच्या घरी ती खुश होती, तेवढं मला पुरं हाये." मी आत गेले आणि उशीत तोंड घालून ओरडले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मे, मंगळवार

मैदानावर जात नाही. भिकाबाई येऊन गेली. आमच्या संघाने स्पर्धेतून नाव काढून घेतलं, तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मशीनवर सासूबाईंनी जुनी चादर टाकली आहे. त्या खोलीत कूलर लावायला कुणी तयार नाही, सगळे घामाने भिजत पुढच्या खोलीत बसतो. यांनी दुहेरी तार काढली. मी खड्ड्यात रोज दोन बादल्या ओतते. शेजारीण म्हणाली, एवढं पाणी वाया घालवता? मी दुसरी बादली ओतली.

ही वही दोनदा चुलीजवळ नेली. पण जाळली तर खरं कुठेच उरणार नाही.

१२ जून, गुरुवार

नासेरभाई आज आले. आत बसले, पाणी घेतलं. सासूबाईंना सलाम केला, त्यांची तब्येत विचारली. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले,

"ताई, एक काम होतं. ती मशीन मी घेऊन जातो म्हणतो."

मला आधी वाटलं, ती विकणार असतील.

"मंतशा म्हणून राहिली, अम्मीचं काम मी करते. बारावी झाली तिची. दिवसभर अम्मीचे कपडे घड्या घालते, परत मोडते. हाताला काम राहिलं तर बरं. अबूबकर नावं छापून देतो म्हणाला. टेम्पो बाहेरच आणला हाये."

सासूबाई हळू म्हणाल्या, "न्या बाबा. तुमचीबी हायेच की अर्धी."

"चांगली हाये ना पण? साहेबांनी लिहिलं, अचानक झालं म्हणून. पहिल्यांदाच झालं ना ते?"

त्यांनी मलाच विचारलं. मी मान डोलावली असती तर संपलं असतं. दोन माणसांनी मशीन उचलली असती, आणि ती पोरगी उद्या सकाळी आईसारखीच हातपाय धुऊन तिच्यासमोर उभी राहिली असती.

"नेऊ नका," मी म्हणाले.

"काहून?"

मी सांगितलं. अकरा एप्रिलपासून सगळं सांगितलं. मुंग्या, चपला, जळबा, मीठ, कूलरमध्ये घातलेलं पाणी, माझी युक्ती.  सासूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. नासेरभाई उभे राहिले होते, कधी उभे राहिले ते मला कळलं नाही.

"तिला माहीत होतं?"

"न्हाई."

"तुमाला होतं."

"व्हय."

 मी वाट बघत होते. मारतील, ओरडतील, पोलिसांत जाऊ म्हणतील. मी तयार होते, खरं तर मला तेच हवं होतं. त्यांनी चादरीखालच्या मशीनकडे बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"मंतशा बाहेर बसून राहिली, टेम्पोत. तिला तुमी सांगा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी बाहेर गेले. पुढच्या सीटवर ती ओढणी सावरून बसली होती, आणि मांडीवर नव्या कागदांची गुंडाळी होती. मला बघून ती हसली आणि मला बसता यावं म्हणून आत सरकली.